गुऱ्हाळाला लावलेलं फाटक

आमचं गुऱ्हाळ मुरगूडकडं जाणाऱ्या रस्त्याला लागूनच होतं. हंगामात वाटेनं जाणारा कुणीही सरळ आत शिरायचा, रस प्यायचा, ऊन ऊन गूळ उसाच्या पानावर घेऊन चुलवाणापाशी बसायचा. त्याला बोलावणं लागत नसे. आमच्या रानात भांगलणीला, तण काढायला येणारी एक म्हातारी तर काकवीसाठी तांब्या घेऊनच यायची, आणि काकवी पातळ झाली म्हणून वडिलांनाच चार शब्द सुनवायची.

दोन हजार सालानंतर कधीतरी वडिलांना परदेशी जाणाऱ्या गुळाचं काम मिळालं. बाजारातल्या सौद्यात गूळ मातीमोल जात होता, त्यामुळं घरात सगळ्यांना हायसं वाटलं. व्यापाऱ्याच्या अटी मात्र कडक. गुऱ्हाळाला जाळी आणि फाटक पाहिजे, डोक्याला टोपी पाहिजे, आणि परकं माणूस आत दिसलं तर माल परत. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते, मला हे फारच पटलं. स्वच्छता नको का? फाटकाबाहेर रसाची घागर आणि पेले ठेवायची शक्कलही माझीच. लोकांना रस मिळेल आणि मालही वाचेल, असा माझा शहाणपणा.

घागरीला कुणी हात लावला नाही. लोक फाटकाकडं बघायचे आणि सायकल पुढं दामटायचे. एका सुट्टीच्या दिवशी दुपार कलल्यावर म्हातारी आली आणि फाटकाशी थबकली. वडील टोपी घालूनच बाहेर गेले.

"मावशी, तांब्या द्या हिकडं. भरून आणतो."

"नगं." तिनं तांब्या पदराखाली घेतला. "आत बसून खात हुतो तवा आमी पावणं हुतो. आता दारात मागाय आलोय व्हय?"

मी जाळीआड उभी होते, पण पुढं व्हायचा धीर झाला नाही. संध्याकाळी आईनं आंबलेला रस म्हशीपुढं ओतला.

गूळ परदेशी गेला. माझं पुढचं शिक्षण त्याच गुळावर झालं, आणि हे आठवलं की मला अजून शरमल्यासारखं होतं.

पुढच्या हंगामात एकदा मी आणि वडील पायी येत होतो. वाटेत दुसऱ्याचं गुऱ्हाळ लागलं. दार सताड उघडं होतं.

"या की पावणं, रस घ्या," आतून कुणीतरी म्हणालं.

मी वळले. वडिलांनी माझा हात धरला.

"चल पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "आपुन कुठल्या तोंडानं जायाचं?"