गव्याच्या खांद्यापुढे उभा राहिलेला माणूस

या पानावर लिहिणारे लोक मोठे असतात. मी तसा नाही. आमच्या घरात आजवर अर्जाशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही मीच लिहिलेले... त्यामुळे एखादा माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार लोकांनी वाचावं असं लिहायला बसलो, याचा मलाच संकोच वाटतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. पण बिरूमामांबद्दल ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी एक ओळ लिहिली नाही, आणि ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी मोबाईलवर भरभरून लिहिलं. ते वाचून वाचून गप्प बसवेना.

बिरूमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचे, गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यावरचे, म्हणून मामा. वीसेक वर्षं ते जंगलात वनखात्याच्या रोजंदारीवर होते. वणवा अडवायला गवताचे पट्टे काढायचे, पाणवठे साफ करायचे, आणि गवा पिकात उतरला की त्याला परत रानात घालवायचे. हे शेवटचं काम कुठल्याच कागदावर नव्हतं, पण साहेबांचा फोन यायचा तो नेमका त्याच कामासाठी. पाच आठवड्यांपूर्वी पंचगंगेकाठचा ऊस तुटायला लागला आणि एक गवा शहराच्या कडेच्या वसाहतीत शिरला. त्याला माघारी वळवताना मामा गेले.

मला ती बातमी कुणी सांगितली नाही. वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली हसण्याची चित्रं होती आणि कुणीतरी लिहिलं होतं, ‘म्हातारा स्टंट करायला गेला.’ मी होस्टेलच्या गॅलरीत उभा राहून तो बघितला. लांबून काढलेला, हलता. एक माणूस गव्याच्या तोंडासमोर जातो आणि गवा त्याला उडवतो. मी तो पुन्हा बघितला... दुसऱ्यांदा बघताना त्या माणसाची चाल ओळखीची वाटली. डावा पाय टेकवायच्या आधी क्षणभर थांबणारी. हे लिहिताना सांगितलंच पाहिजे, की पहिल्यांदा बघताना मीही इतरांसारखाच बघत होतो.

मी प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी सुट्टीत कॉलेजच्या प्रकल्पासाठी मामांबरोबर पंधरा दिवस फिरलो. विषय होता, प्राण्यांना भोवतालचं कसं कळतं आणि त्याप्रमाणे ते कसे हलतात. मी वही घेऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, “काय प्रोफेसर, तुमच्या पुस्तकात वास हाय का वास?” मी म्हटलं, आहे, गव्याचं नाक फार तीक्ष्ण असतं असं दिलंय. ते हसले. “तसं न्हवं. आज तू कुठला साबण लावलायस, ते त्येला कवाच कळलंय. अजून तुला त्यो दिसला तरी का?” मला दिसला नव्हता. समोरच्या करवंदीच्या जाळीमागे तो उभा होता.

जनावराजवळ जायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी खाली बसायचं. चिमूटभर माती सोडून वारा बघायचा. मग आपल्या अंगावरचा वारा गव्याकडे जाईल अशा बाजूने हळूहळू यायचं. मला वाटायचं, लपून जायला हवं. मामा म्हणायचे, “लपून चोर जातोय. त्येला आधी कळू दे, कोण आलंय ते. न कळता एकदम दिसलास तर त्यो काय करंल? तू तरी काय करशील?” शिंगांकडे बघू नको, कानांकडे बघ, हे त्यांनीच शिकवलं. गव्याचे दोन कान वेगवेगळे फिरतात. एक तुझ्याकडे आणि एक मागे असेल तर तो अजून विचार करतोय. आणि खांदा. त्याच्या खांद्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं तर तो पुढे चालतो, खांद्याच्या जरा पुढे गेलं तर वळतो. काठी नाही, दगड नाही. दोन पावलं इकडे किंवा तिकडे, एवढ्यावर मामा ते धूड वळवायचे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे असं होतं, हे मी नंतर पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं बाबा, ल्हिलेलं हाय. मला वाटलं माझंच काय तरी खूळ हाय.”

त्या दिवशी काय झालं ते मी वसाहतीत जाऊन विचारलं. दोन दिवस गेलो. सकाळी गवा एका मोकळ्या प्लॉटमध्ये, भिंतीच्या आडोशाला उभा होता. साहेबांनी मामांना फोन केला, मामा मिळेल त्या टेम्पोने आले. आल्या आल्या त्यांनी एकच मागणं केलं, की नदीकडची वाट मोकळी करा, कारण तो तिकडून आलाय आणि तिकडूनच जाईल. पोरं मोबाईल वर धरून उभी होती. तिथल्या किराणा दुकानदाराने मला सांगितलं, मामा हात जोडून म्हणत होते, “पावणं, जरा गप ऱ्हावा की. तुम्हास्नी वाटतंय त्यो तुमच्याकडं बघतोय. न्हाय, त्यो ऐकतोय.” लोक सरकले. वाट मोकळी झाली. गव्याने दोन पावलं टाकलीसुद्धा.

आणि तेवढ्यात सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या दोन मोटारसायकली आल्या. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी सजवून पळवतात. मालक पुढे गाडी रेस करतो आणि शंभर गाड्यांच्या आवाजात म्हैस आपल्याच गाडीमागे धावते. मलाही त्याचा अभिमान होता. त्या पोरांनी तेच केलं. गाड्या नेमक्या नदीच्या वाटेवर आडव्या लावल्या आणि रेस करायला लागली, गव्याला आपल्यामागे ओढून न्यायला. त्यातला एक मला भेटला. खाली मान घालून म्हणाला, “आमची म्हस येती की आवाजावर. म्हटलं, ह्यो पण म्हशीचाच भाऊ हाय.”

मला त्याला मारावंसं वाटलं. अरे, तुझी म्हैस रेडकू असल्यापासून तुझ्या हातचं खाते. तो आवाज तिच्यासाठी घर आहे, पेंड आहे, तू आहेस. गव्यासाठी तो नुसता आवाज आहे, मोकळ्या राहिलेल्या एकुलत्या एका वाटेतून आलेला. तो मागे वळला. मातीत रुतणारा खूर काँक्रीटवर सरकला, तो गुडघ्यावर आला, आणि पाय सरकलेलं जनावर सगळ्यात जास्त घाबरतं. उठला तेव्हा त्याच्यापुढे माणसांची गर्दी होती. आता व्हिडिओ पुन्हा बघा, हवं तर माझ्यासाठी बघा. मामा त्याच्या तोंडासमोर जात नाहीत. ते त्याच्या खांद्याच्या पुढे जातात, दोन पावलं. त्याला गर्दीपासून वळवायला. गव्याचा एक कान त्यांच्याकडे फिरतो. तो वळायला लागतो... आणि मागून गाडीचा आवाज पुन्हा मोठा होतो. पुढचं मला लिहायचं नाही. गर्दीतल्या एकालाही खरचटलं नाही. त्यातल्याच कितीतरी जणांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला.

मामींनी दिवस झाल्यावर मला बोलावून घेतलं. त्यांचं एकच म्हणणं होतं. “बाळा, दुसरं मला काय नगं. त्यो कामावर हुता, एवढं सरकारी कागदावर यिऊ दे. लोक म्हणत्यात, तमाशा बघाय गेला आन् मेला. उद्या माझ्या नातवंडांनी काय ऐकायचं?” मी अर्ज लिहिला. व्हिडिओतलं एकेक पाऊल, कान, खांदा, वारा, सगळं समजावून लिहिलं. पहिल्यांदाच मला माझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग आहे असं वाटलं. साहेबांना तीनदा भेटलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, हजेरीपटावर त्या दिवशी त्यांची सही नाही. मी म्हटलं, फोन तुम्हीच केलात ना? ते म्हणाले, “कुठला फोन?” मामांचा मोबाईल गव्याच्या पायाखाली चुरा झाला होता. तिसऱ्यांदा मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. दुकानदार, गाडीवाला, गॅलरीतून शूटिंग करणाऱ्या बायका, सगळ्यांना जबाब द्याल का म्हणून विचारलं. सगळे हळहळले. एकजणही आला नाही. व्हिडिओ टाकताना हेच सगळे तिथे होते.

परवा दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना मामींचा फोन आला. ऑफिसातून कागद आलाय, वाड्यावरच्या पोरीकडून त्याचा फोटो पाठवलाय, तो वाचून दाखव. मी बाहेर व्हरांड्यात आलो. फोटो मोठा केला. मामी फोन धरूनच होत्या. “वाच की, बाळा. कामावर हुता म्हणून ल्हिलंय न्हवं?” कागद टाईप केलेला होता, शिक्का होता, सही होती. मामांचं नाव बरोबर होतं. त्याच्या खाली चौकशीचा निष्कर्ष एका वाक्यात होता...

‘मृत व्यक्ती ही घटनास्थळी जमलेल्या बघ्यांपैकी एक होती.’