आप्पांची गाठ आणि माझ्या ड्रायसूटचा व्हॉल्व्ह

"डाव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला. सगळ्यांना तिथंच बसतो," गोव्यातला सूट बनवणारा फोनवर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्यांचा डावा हात डोक्यावर जातो हो, माझा खांद्यापाशीच अडकतो!

थंड पाण्यात खोल बुडी मारताना घालायच्या ड्रायसूटमध्ये हवा असते. छातीवरच्या व्हॉल्व्हनं ती आत घ्यायची, दंडावरच्यानं सोडायची. वर येताना ती सुटली नाही तर सूट फुगतो आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. उसन्या सूटमध्ये माझं तसं झालंय, आठवडाभर कान दुखत होते. त्यात ओढून नेणारी पाण्याखालची स्कूटर घेतली की उजवा हात तिच्या बटणावर. बाकी सगळं डाव्यानंच. पुढच्या महिन्यात नॉर्वेला बुड्या मारायला जायचंय. सूट शिवून आला होता, पण अजून बिनभोकाचा होता, सोमवारी खुणा करून पाठवायचा होता. भोक एकदा पडलं की पडलं. म्हणून ठरवलं, निपाणी गाठायची. तिथं मावशीच्या शेताला लागून पाण्यानं भरलेली जुनी दगडखाण आहे.

"गाडी मी चालीवतो," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. वडगावात आमचे साड्यांचे माग आहेत. मी चाटच पडले. सात वर्षांची असताना मावशीच्याच विहिरीत, पाठीला डबा बांधून त्यांनी मला पोहायला ढकललं आणि माझा डावा खांदा पायरीवर आपटला. तेव्हापासून आप्पा पाण्याच्या काठाला फिरकत नाहीत, आणि घरात त्या खांद्याचा कुणी विषय काढत नाही.

साडेसहाला बेळगाव सोडलं. एरवी दीड तासाचा रस्ता, पण हायवेची कामं चालू आहेत, दोन तास धरून चला. संकेश्वरला गरम इडली-वडा आणि उप्पीट, दोघांचं दीडशेत पोट टम्म. तवंदी घाटात गार वारं सुटलं होतं आणि मी खिडकीतून डोकं काढून गात होते. "भसाडा आवाज तुज्या आईचा घेतलीस," आप्पा म्हणाले. मागच्या सीटवर स्कूटर, सूट आणि मावशीसाठी कुंद्याची मिठाई.

मावशी ब्लाउज शिवते. सूट बघून ती खडू घेऊनच खाणीत उतरली, साडीचा काचा मारून. खाणीचा उतार आहे तिथं छातीभर पाणी. व्हॉल्व्हशिवायचा सूट त्याच्यापुढं न्यायचाच नाही. मी पाठीवरच्या सिलिंडरचे पट्टे चढवले, आडवी झाले, स्कूटर सुरू केली. मावशीनं एका हातानं माझा पट्टा धरला.

"अगं बया, म्हस वढतीय का काय!" मावशी ओरडली.

सूटमधली हवा दंडावर जिथं फुगली, तिथं तिनं दुसऱ्या हातानं खडू ओढला. डोकं वर काढून बघते तर खूण धुऊन गेलेली! चार वेळा ओढला, चार वेळा गेला. आम्ही दोघी हसून बेजार. पण खूण नाही तर व्हॉल्व्ह अंदाजानं बसणार, आणि तसल्या सूटमध्ये मी नॉर्वेच्या पाण्यात उतरणार नव्हते.

काठावरून आप्पा म्हणाले, "पाण्यात खडूचं काय खरं न्हाय. दोरा बांधा."

"मला कुठली तुमची मागावरची गाठ येतीय, दाजी? या की आत!"

 मग आप्पांनी चपला काढल्या आणि पँटसकट आत आले. गुडघा, कंबर, छाती. त्यांच्या खिशात लाल दोरा असतोच. मी परत आडवी झाले, मावशीनं पाय धरले. आप्पांनी दोरा दंडाभोवती घेतला आणि गाठ, मागावर तुटलेला धागा जोडतात तशी, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली.

"हितं?"

"जरा मागं, आप्पा."

"पट्ट्यात घावंल की गं."

"मग दोन बोटं खाली."

मी उजवीकडं कलले, डावं कोपर जमेल तेवढं उचललं. सगळी हवा बरोबर गाठीखाली आली. दंडाच्या बाहेर नाही, मागं! दुसरा दोरा हवा आत घ्यायच्या व्हॉल्व्हसाठी छातीवर, मधल्या जागेपासून थोडा उजवीकडं. डोळे मिटून डावा हात थेट तिथं गेला. तुम्हीही खुणा करणार असाल तर पट्टे चढवून, स्कूटर हातात धरून, पाण्यात आडवं होऊनच करा. आरशासमोरची खूण फसवते.

नंतर मावशीकडं भाकरी, भरलं वांगं, खरडा. आप्पांची पँट वाळेना, तर ते मावशीच्या नवऱ्याची लुंगी नेसून गाडी चालवत घरी आले. टोलनाक्यावरचा माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला.

दोऱ्यांसकट पाठवलेला सूट दोन आठवड्यांनी परत आला. दंडावर व्हॉल्व्ह, आणि त्याच्या शेजारी सरकवलेला लाल दोरा. सोबत सूटवाल्याची चिठ्ठी: गाठ सुटेना, कापायला मन होईना.

घरातच सूट चढवला, सिलिंडर जोडला, बाकावर पालथी पडले. उजव्या हातात स्कूटर म्हणून लाटणं. छातीवरचं बटण दाबून हवा घेतली, कोपर उचललं. फुस्स!

आप्पांनी त्या हवेवर तळवा धरला. "खांदा मी घालीवलतो तुजा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  मी त्यांचा हात धरला.

मग त्यांनी नाक पुसलं. "रविवारी जायचं काय गं परत खाणीला? ह्या खेपंला मी कोरडी पँट घिऊन येतो."