झेरॉक्सचा डाव

चंद्रपुरातल्या ज्या दुकानदारानं मला लुबाडलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा कोणी ठेवायला नको.

मी गोंडपिपरीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. शेळ्यांना लस टोचायची, गाय अडली की गाडी काढून गावात जायचं, हे माझं काम. छंद मात्र पत्त्यांचा. राजा-राणीचे बावन्न पत्ते नव्हेत. हे पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात. प्रत्येकावर वेगळं चित्र आणि वेगळी ताकद असते. आपल्याजवळच्या पत्त्यांतून आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. नागपूरला डिप्लोमा करताना खोलीतल्या मैत्रिणीनं मला हा खेळ शिकवला. पुढे ती परदेशी गेली, तेव्हा जाताना तिनं तिचा सगळ्यात लाडका पत्ता माझ्या हातात ठेवला. काळ्या तळ्यातून कंदील घेऊन वर येणारी एक म्हातारी होती त्यावर.

चंद्रपूरचं ते दुकान खेळाच्या सामानाचं. खाली बॅटी, बूट, कबड्डीच्या जर्सी; माडीवर एक लांब टेबल. दर रविवारी तिथं पत्त्यांचे डाव बसत. मी सकाळची एसटी पकडून जायची. कोळसा खाणीतला एक फिटर, बँकेतला एक जण, इंजिनिअरिंगच्या दोन मुली, असे आम्ही नेहमीचे. फिटरला आम्ही सगळे फिटरभाऊच म्हणायचो.

या खेळात फॉरमॅट असतात, म्हणजे कोणते पत्ते चालतील याचे नियम. दुकानदाराच्या टेबलावर फक्त ‘चालू’ फॉरमॅट. नवे पत्ते तेवढे चालणार, जुने झाले की बाद. एका दिवाळीला जिवापाड जमवलेला गठ्ठा काही दिवसांनी रद्दी होतो आणि पुन्हा पाकिटं घ्यावी लागतात. भाड्याच्या घराला स्वतःच्या खर्चानं रंग देत राहावा, तसं आहे ते. दुसरा फॉरमॅट जुन्या-नव्या सगळ्या पत्त्यांचा. तिथं काही बाद होत नाही, पण चांगले पत्ते एवढे महाग की अक्कल नंतर, आधी खिसा लागतो. तिसरा मला खरा आवडतो. सगळ्यांनी तिथल्या तिथं पाकिटं फोडायची आणि निघेल त्यावर लढायचं. पण त्यातही दर वेळी नवी पाकिटं लागतात, म्हणजे चांदी पुन्हा दुकानदाराचीच.

एका रविवारी त्यानं माझ्या पत्त्यांच्या डब्यातली ती कंदीलवाली म्हातारी पाहिली. पत्ता उजेडाकडे धरला, मागून-पुढून बघितला आणि नाक मुरडलं.

‘‘मॅडम, हा तं कवाचाच बाद झाला. काऊन ठेवून राह्यल्या?’’

‘‘मैत्रिणीची आठवण आहे, भाऊ.’’

‘‘आठवणीनं डाव जिंकता येत नाई. मी याच्या बदल्यात नवीन पाकिटं देतो. तुमचं नुकसान नाई होऊ देणार.’’

फॉरमॅट आणि पत्त्यांचे भाव मी तोवर त्याच्याकडूनच शिकत होते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पत्ता दिला. पाकिटांतून काहीच कामाचं निघालं नाही.

पुढे उन्हाळ्यात गेले तर माडीवर नवा कोरा एसी. चंद्रपूरच्या त्या उन्हात आम्ही सगळे त्याखाली जाऊन उभे राहिलो. दुकानदार आला, माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली आणि म्हणाला, ‘‘बसा मॅडम, बसा. ही हवा तुमचीच हाये.’’

मला कळेना. तोच सगळ्यांकडे पाहत म्हणाला, ‘‘मॅडमची म्हातारी नागपूरले गेली अन् एसी घेऊन आली!’’

‘चालू’मध्ये बाद झालेला तो पत्ता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सोन्याच्या भावानं जात होता. त्याला ते माहीत होतं. मला नव्हतं. टेबल हसलं. फिटरभाऊ तेवढे हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत राहिले. फसवलं याचा राग होताच, पण फसवून वर चारचौघांत त्याची मजा केली, त्यानं माझ्या आत काहीतरी घट्ट झालं. मी तो डाव पूर्ण खेळले, हरले आणि खाली उतरले.

गोंडपिपरीत तहसीलसमोर माझ्या मोठ्या नणंदेचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं जाऊन मी रडले. नणंदबाईंनी मशीन बंद केलं आणि विचारलं, ‘‘काय झालं व?’’ मी सांगितलं. त्यांनी माझा एक पत्ता हातात घेतला, उलटसुलट केला.

‘‘याची झेरॉक्स मारली तं खेळता येत नाई का?’’

मी तिथंच थांबले. खेळता येत होतं. मनापासून खेळणाऱ्याला कागद कुठला याच्याशी काय घेणं?

मग मी माझा स्वतःचा फॉरमॅट काढला. जगातला कुठलाही पत्ता चालेल, चित्र इंटरनेटवरून काढायचं, पण खेळायचं झेरॉक्सवरच. साध्या पांढऱ्या कागदावर, काळा-पांढरा, म्हणजे खऱ्याच्या नावानं कोणी खपवू नये. विकायचा नाही. महागडा खरा पत्ता कोणी आणलाच तर तो खिशात ठेवायचा. खर्च चहापेक्षा कमी.

पहिले आले फिटरभाऊ. मी त्यांना मुद्दामच बोलावलं होतं. कोणाला बोलावलं की दुकानदाराला लागेल, याचा मी रात्रंदिवस विचार करत असे. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यात महागडे पत्ते हातात धरून खेळताना फिटरभाऊ अगदी उजळून गेले. पुढच्या रविवारी इंजिनिअरिंगच्या मुलींना घेऊन आले. मग बँकवाले. बाईंच्या दुकानात एक खडखडणारा कूलर आणि दोन बाकडी, तरी कोठारीच्या जंगलातला रस्ता तुडवत ते येत राहिले.

दुकानदाराला कळलं तेव्हा त्यानं नियम केला: झेरॉक्सवर खेळणाऱ्याला माझ्या टेबलावर जागा नाही. मला एवढा आनंद झाला की मी बाईंना पेढे आणले. त्याच्याकडे जे दोघे-चौघे उरले होते, तेही त्या नियमावर चिडून आमच्याकडे आले.

शेवटी एका रविवारी तो स्वतः आला. मोटरसायकल तहसीलच्या भिंतीला लावली आणि दारातच म्हणाला, ‘‘मॅडम, ही चोरी हाये.’’

मी काही बोलायच्या आधी बाई म्हणाल्या, ‘‘चोरी काय असते ते तुमाले आमच्यापेक्षा जास्त समजते, भाऊ. बसा. पाणी घ्या.’’

मी त्याच्यापुढे झेरॉक्सचे दोन गठ्ठे ठेवले. ‘‘हवा तो घ्या. दुसरा माझा.’’

तो बसला. महागड्या पत्त्यांच्या जोरावर झटपट जिंकायची त्याला सवय होती. समोरच्याजवळही तसेच पत्ते असले की काय करायचं, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं सगळी ताकद पुढे काढली. मी थांबले. मार खाल्ला, पुन्हा थांबले. त्याचा हात रिकामा झाला तेव्हा माझा भरलेला होता. मग एकेक पत्ता सावकाश टाकत मी त्याला संपवला. लवकर संपवता आलं असतं. मी संपवलं नाही.

‘‘आनखी एक डाव,’’ तो म्हणाला. तोही हरला.

कोणी हसलं नाही. मी त्या हसण्याची वाट पाहत होते, पण सगळे भलेपणानं कूलरकडे बघत बसले. तेव्हा मीच हसले, मोठ्यानं.

तो उठला. ‘‘झालं ना मॅडम आता? फिट्टमफाट झाली.’’

‘‘नाई भाऊ,’’ मी म्हटलं. ‘‘अजून नाई.’’

त्याचं रविवारचं टेबल बंद पडलं. घरचे म्हणतात, आता सोड. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, पत्त्यांसाठी एवढं वैर? मी ऐकून घेते.

मागच्या महिन्यात मीटिंगसाठी चंद्रपूरला गेले होते. काम लवकर आटोपलं, म्हणून त्याच्या दुकानात शिरले. चालायचे बूट दाखवा म्हटलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं स्टूल ओढलं, माझ्या पायाशी बसला आणि एक जोड घातला. टाचेला लागत होता. दुसरा घातला. सैल होता. तिसऱ्याच्या लेसा बांधताना त्यानं मान वर करून पाहिलं. माझ्या मनात काय चाललंय हे त्याला कळलं होतं. मला बूट घ्यायचेच नव्हते.

‘‘रंग नाई आवडला,’’ मी म्हटलं. ‘‘वरच्या फळीवरचा काढा ना, भाऊ.’’

तो उठला आणि शिडी आणायला आत गेला.