बाजू बदलून

पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध शिकत असतानाचा एक तास अजून डोळ्यांसमोर आहे. वर्गात परदेशातून आलेले दोन विद्यार्थी होते, सेलाम आणि योनास. त्यांचे देश एकमेकांशी लढलेले, आणि त्या लढाईत सेलामचा भाऊ गेलेला. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

त्या दिवशी वाटाघाटींचा सराव होता. बाई म्हणाल्या, "आज बाजू बदला. सेलाम, तू योनासच्या देशाकडून बोल."

सेलाम उभी राहिली. 'आम...' एवढं म्हणून ती दोनदा अडखळली. मग ती म्हणाली, "आमचीही मुलं परत आली नाहीत. त्यांच्या आया अजून दाराशी बसतात."

योनासनं मान खाली घातली. "माझा काका त्यांच्यातलाच," तो हळूच म्हणाला.

तह, नकाशे, करार यांवर मी पुढं पुष्कळ वाचलं. पण समोरच्याच्या वतीनं 'आमची' म्हणताना जीभ किती जड होते, आणि तरी ती वळते, हे मी तिथं पाहिलं. म्हणूनच शांतता शिकता येते, असं मी आजही ठामपणे सांगते.

तास संपल्यावर सेलामनं योनासला विचारलं, "काकांचं नाव काय होतं?"

त्यानं सांगितलं. ते नीट उच्चारता येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.