बारा पिल्लं, दहा आचळं

मावशींचं वजन ब्याण्णव किलो आणि नोकरी संशोधक मॅडमच्या प्रयोगशाळेतले लठ्ठ उंदीर सांभाळण्याची. "नमुना आयताच मिळाला की तुमच्या मॅडमना!" हा विनोद जाऊबाईंनी बावीस वर्षं शिळा होऊ दिला नव्हता. "काहींना हवासुद्धा अंगी लागते, बाई," असंही त्या म्हणायच्या, तिसऱ्यांदा वाढून घेताना.

म्हणून मॅडमचा शोध मावशींनी अगदी उराशी धरला. मॅडमच्या उंदरांमधलं एक जनुक जन्मतःच मोडकं. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारं संप्रेरक अंगात तयारच होत नाही. बिचारे खात सुटतात. मॅडमनी एकाच आईपाशी वाढणाऱ्या आठ पिल्लांना पहिले दहा दिवस ते संप्रेरक टोचलं. मोठेपणी ती चक्क सडसडीत निघाली! म्हणजे लठ्ठपणा हा हावरेपणा नव्हे, जन्माची उणीव. प्रयोग छोटा, केक मोठा. दर आठवड्याला वजनं केली मावशींनी. केकचा पुठ्ठाही आला त्यांच्याच वाट्याला. फेकायला.

पुठ्ठा मोडतानाच त्यांना आठवलं. टोचणं चालू होतं तेव्हा शेजारच्या पिंजऱ्यातल्या आईनं आपली चार पिल्लं टाकून दिली होती. एका आईपाशी आठच, हा नियम. पण डोळ्यांदेखत जीव मरू द्यायचे? मावशींनी ती चार याच आईखाली सरकवली आणि दूध सुटल्यावर गुपचूप परत नेली. बारा पिल्लं, दहा आचळं. अर्धपोटी वाढलेली कशाला सुटतील?

गप्प राहिलं तर नोकरी शाबूत, वर जाऊबाईंच्या तोंडावर फेकायला शास्त्र. बोललं तर दोन्ही गेलं. मावशी हात पुसत मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, ती पिल्लं सडसडीत नाहीत हो. उपाशी होती."

सगळं ऐकून मॅडमचा चमचा हवेतच राहिला. "आणि हे आत्ता सांगताय, मावशी? परवा माझं भाषण आहे!"

"चुकलंच माझं. पण सहा महिन्यांत तुम्ही पिंजऱ्यापाशी एकदा आला असतात, तर बारा शेपट्या तुम्हालाही दिसल्या असत्या."

भाषण रद्द झालं. मावशींना लेखी ताकीद मिळाली. काढलं नाही, कारण चावरे उंदीर धरायला दुसरं माणूस मिळेना. प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. आता मॅडम रोज सकाळी स्वतः पिंजऱ्यात वाकतात.

"नऊ?"

"आठच. एकाला दोनदा मोजलंत. आता आईला उचला बघू, चावत नाही ती," मावशी गंभीर चेहऱ्यानं खोटं बोलल्या.