रिकामी खाच

"पेटीतली एक खाच रिकामी दिसली, की हत्यार कुठं गेलं हे विचारायचंच," मिस्त्री एकदा म्हणाला होता. डोंगरवाटेनं जाणाऱ्या गाड्यांसाठी तो हत्यारांच्या पेट्या भरून द्यायचा. जॅक, पक्कड, पाने, प्रत्येकाच्या मापाची खाच लाकडात कोरायचा. लेकीच्या लग्नात जावयालाही त्यानं अशीच पेटी दिली होती.

आज जावई ती पेटी घेऊन आला. चाकाच्या पान्याची खाच रिकामी होती.

"कुठं गेला?"

"पाय फुटले असतील त्याला, सासरेबुवा. दुसरा द्या."

लेक बाहेर गाडीतच बसून होती. मिस्त्री तिच्यासाठी पाणी घेऊन गेला. तिनं हात पुढे केला तशी बाही वर सरकली. कोपराखाली सहा कोनांचा काळानिळा ठसा होता. ते माप मिस्त्रीच्या बोटांना पाठ होतं.

"पाना घरीच आहे, बाबा," ती म्हणाली. "कॉटखाली ठेवतात. हाताशी असावा म्हणून."

मिस्त्री आत आला. जावई टेबलावर पंजा टेकून उभा होता.

"एवढ्याशा पान्याचं सुतक धरलंत की काय?"

मिस्त्रीनं नवा पाना उचलला आणि त्या पंजावर घातला. हाडं कडकन मोडली. जावई गुडघ्यांवर कोसळून ओरडू लागला, तरी मिस्त्रीनं दुसऱ्यांदा घातला. मग फडक्यानं रक्त पुसून पाना खाचेत नीट बसवला, झाकण लावलं, गाडीची किल्ली घेतली आणि लेकीकडे बाहेर पडला.