त्यांना काही दिसतं का?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कर्जतला बी.कॉम. केलं, खोपोलीच्या एका कारखान्यात ऑफिसात लागले, आणि तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायला लागला. लाइटबिल, रेशनकार्ड, आबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू? त्यामुळे आबांच्या गोळ्याही माझ्याकडे आल्या तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आधी उजवा हात थरथरायला लागला. मग पाऊल उचलेना. उंबऱ्यापाशी थांबले की थांबलेच, तळवे जमिनीला चिकटल्यासारखे. कर्जतच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला आणि दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी दिली. मी मोबाइलला तीन गजर लावले, वहीत रकाने आखले. एकही वेळ चुकवली नाही. वार विसरणं, सदरा उलटा घालणं हेही त्याच सुमारास सुरू झालं होतं, पण त्याला आम्ही वय म्हणायचो.

भातकापणीच्या दिवसांत एकदा आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. आबा भिंतीकडे बघून म्हणाले, "ह्यांना चहा नाय दिला?"

"कोणाला?" मी विचारलं.

"ही काय, चार मानसं बसलीत भिंतीला टेकून."

भिंतीपाशी तांदळाचं पिंप होतं, बाकी काही नव्हतं. आईनं भिंतीकडे बघितलं, मग आबांकडे. "ते चहा पिऊन आलेत घरनं," ती म्हणाली. आबांचं समाधान झालं, कप उचलून प्यायला लागले. मी मात्र आईवर चिडले. म्हटलं, खोटं कशाला बोलतेस?

"मग काय भांडू त्यांच्यासंगं?" ती म्हणाली.

पुढे ते वाढत गेलं. चुलीपाशी बैल शिरला म्हणून आबा काठी घेऊन उठायचे. कोपऱ्यात एक बाई उभी असायची, ती बोलायची नाही, याचा त्यांना राग यायचा. एकदा बैलाला मारायला उचललेली काठी आईच्या मनगटाला लागली.

आता हे लोकांना सांगायचं कसं? आमचे आबा म्हणजे कोण, हे आळीत सगळ्यांना माहीत. दर पौर्णिमेला विहारात वंदना सांगणारा माणूस. आळीतलं कुणी भगताकडे गेलं असं कळलं की आबा त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. "ताप आलाय तर डॉक्टर बघा. लिंबू काय करतंय? आपल्या बापजाद्यांनी हे सगळं सोडलं ते परत उचलायला काय?" अशा माणसाला घरात नसलेली माणसं दिसतात म्हटलं तर लोक काय म्हणतील, हे मला पाठ होतं. म्हटलंही. शेजारची काकू ओट्यावर येऊन हळूच म्हणाली, "पोरी, बाहेरचं तर नसंल ना गं? एकदा दाखवून घेयाला काय जातंय?" मी तिला असं काही सुनावलं की पंधरा दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही.

माझ्या लेखी तेव्हा दोनच गोष्टी होत्या. नसलेलं दिसतं त्याला बाहेरचं तरी झालेलं असतं, नाहीतर वेड तरी लागलेलं असतं. पहिलं आम्ही मानत नव्हतो, आणि दुसरं आबांच्या बाबतीत मी मानणार नव्हते. तिसरं काही असेल, हे शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

कर्जतच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या केबिनला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याबाहेर आमच्याच आळीतल्या दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. डॉक्टरांनी काय त्रास म्हणून विचारलं. मी वही उघडून वाचलं: झोप नाही, चिडचिड, ऐकत नाहीत, हात उगारतात. आई मध्येच म्हणाली, "आन् डॉक्टर, त्यांना मानसं..."

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. "आई, मी सांगतेय ना."

ती गप्प बसली. डॉक्टरांनी एक बारीक गोळी लिहून दिली. म्हणाले, शांत राहतील.

शांत राहिले खरे. दुसऱ्या दिवसापासून काठी उचलली नाही, बैलाचं नाव नाही. आईला मी म्हटलंसुद्धा, बघ, लागू पडली. तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आजही स्वतःची चीड येते. चौथ्या दिवशी आबांची मान छातीवर वाकली ती वर येईना. तोंडातून लाळ गळायला लागली. हात वाकवायला गेलं तर ओल्या दोरीला पीळ बसावा तसा घट्ट. चमचा दातांवर वाजायचा, आत जायचा नाही. मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, अंग कडक झालंय, पण शांत आहेत. ते म्हणाले, पार्किन्सन वाढत जातो, दोन्ही गोळ्या चालू ठेवा, बरं नाहीच वाटलं तर घेऊन या.

"ह्या नव्या गोळीनं झालंय," आई म्हणाली. "ती घातली तोंडात आन् मानूस लाकूड झाला."

"गोळ्यांतलं तुला काय कळतं?"

"चाळीस वर्सं वाढतेय त्यांना. गिळता येत नाय, येवढं कळतं."

मी वहीवर बोट ठेवून वेळ दाखवली. आईनं गोळी चुरून पेजेत कालवली. तिनं ती गुपचूप मोरीत टाकली असती तर फार बरं झालं असतं. पण मी समोर उभी राहून द्यायला लावत होते, आणि शिकलेल्या लेकीपुढे तिचा हात चालला नाही. तिला गप्प बसायची सवय मीच लावली होती.

नवव्या दिवशी पेज श्वासात गेली. आबांचे ओठ निळे पडले. गाडी मिळेपर्यंत आईनं त्यांना कुशीवर वळवून पाठ थोपटली, बोट घालून तोंड साफ केलं. मी फोन लावत होते. पनवेलच्या हॉस्पिटलात पोचलो तोवर श्वास सुरू होता, पण घरघर लागलेली.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आबांचा हात वर उचलून सोडला. तो तसाच हवेत राहिला. कोपर वाकवला तर टप्प्याटप्प्यानं वाकला. गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन त्या वाचत राहिल्या आणि मग पहिला प्रश्न विचारला, "त्यांना काही दिसतं का? नसलेली माणसं, जनावरं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. आबा तसे पडलेले, आणि ही बोलू की नको म्हणून माझी परवानगी मागतेय.

"सांग," मी म्हटलं.

मग तिनं सगळं सांगितलं. चार माणसं, बैल, कोपऱ्यातली बाई, कधीपासून, कुठल्या वेळेला. तिच्याकडे वही नव्हती, पण एकही गोष्ट सुटली नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या की विसरणं, थरथरणं आणि हे दिसणं, तिन्ही एकाच आजाराची लक्षणं. हे वेड नाही, बाहेरचं तर नाहीच. पण या आजाराच्या माणसाला ही शांत करणारी गोळी फार वाईट बाधू शकते, अंग आवळून टाकते, कधी जीवावर बेतते. ती आत्तापासून बंद. मग त्यांनी विचारलं, "दिसतंय हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलं नाही," मी म्हटलं.

आई तिथंच उभी होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. घरी आल्यावरही नाही, आजतागायत नाही.

आबा वाचले. गोळी सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत मान उचलायला लागले, पातळ खाणं गिळायला लागले, चार शब्द बोलायला लागले. चालणं परत आलं नाही. त्या आजारानं ते वर्षा-दोन वर्षांत गेलंच असतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. माझ्या समाधानासाठी म्हणाल्या असतील. ती वर्ष-दोन वर्षं माझ्या हातानं गेली. कागद वाचता येण्याचा मला जो तोरा होता, त्यानं गेली. पदवीची लाज मला वाटत नाही, पण कर्जतच्या त्या पडद्याआड जे दडवलं त्याची वाटते.

पुढच्या खेपेला डॉक्टर बाईंनी आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. पार्किन्सनची गोळी थोडी वाढवली तर हात मोकळे होतील, पण माणसं पुन्हा दिसायला लागतील, आणि बसवताना प्रेशर उतरून डोळ्यांपुढे अंधारी येईल. आहे तेवढीच ठेवली तर दिसणं कमी राहील, पण हात असेच. "तुम्हाला जास्त काय हवंय ते सांगा," त्या म्हणाल्या.

सवयीनं माझी वही उघडली होती. मी ती मिटली आणि आईला म्हटलं, तू सांग.

आई आबांच्या खुर्चीपुढे खाली बसली. "अवो, आपल्या हातानं जेवायचं काय?"

आबांना शब्द जुळवायला वेळ लागतो. डॉक्टर बाईही थांबल्या. "जेवायचं," ते म्हणाले.

"मंग ती मानसं येतील परत. बैल बी यील."

"येऊ दे."

गोळी वाढवली. आठवड्याभरात माणसं आली. आबा अधूनमधून त्यांच्याशी बोलतात, कधी घाबरतात, रडतातही. तेव्हा आई बत्ती लावते आणि हात धरून बसते. उठवताना आम्ही दोघी दोन्हीकडून धरतो, आधी पाय सोडून बसवतो, डोळे स्थिर होऊ देतो. घसा अजून भरवशाचा नाही. जेवताना जवळ कुणीतरी लागतंच.

तांदळाची भाकरी आई आमटीत कुस्करून त्यांच्यापुढे ठेवते. एका जेवणाला पाऊण तास जातो. घास तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा सदऱ्यावर सांडतो. माझ्यानं बघवत नाही. भरवायला मी पुढे सरकले की आई म्हणते, "बस गं तू."

मी बसते.